गर्भातल्या बाळाचं हृदय, आयुर्वेदात आणि आजच्या भ्रूणशास्त्रात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भिणींच्या ओपीडीत आणि फोनवर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एका जागी लिहिलेत. गोव्यातल्या फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठूनही येऊदेत, प्रश्न साधारण तेच असतात. विचारणारी कधी गरोदर बाई असते, कधी सासूबाई, कधी बोटीवर नाहीतर गल्फात असलेला नवरा, ज्याला बायकोने सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो पाठवलेला असतो. मी आयुर्वेदाची वैद्य आहे पण सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला ठेवून नाडी बघणाऱ्यातली नाही, दोन्ही लागतं. हे वाचून तुमच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र रद्द करू नका.

१. बाळाचं हृदय नक्की कधी तयार होतं?

बहुतेकींना वाटतं त्याच्या खूप आधी. गर्भधारणेनंतर साधारण १८-१९ व्या दिवशी, गर्भ अजून चपट्या चकतीसारखा असतानाच, डोक्याकडच्या टोकाला हृदयाच्या पेशी जमायला लागतात. त्यांच्या दोन बारीक नळ्या होतात, मग चकती दुमडते तशा त्या एकमेकींजवळ येऊन जुळतात आणि एकच नळी होते, आणि २२-२३ व्या दिवशी ती नळी आकुंचन पावायला लागते. म्हणजे ठोका सुरू होतो तेव्हा कप्पे नाहीत, झडपा नाहीत, काहीच नाही, फक्त एक नळी.

पुढचं काम जास्त नाजूक. चौथ्या आठवड्यात ही नळी उजवीकडे वळून वळसा घेते, त्यामुळे खालचा भाग वर मागे जातो (तिथे वरचे कप्पे होतात) आणि पुढचा भाग खाली येतो. मग भिंती उभ्या राहतात, वरच्या दोन कप्प्यांमध्ये, खालच्या दोन कप्प्यांमध्ये, आणि बाहेर जाणारी एकच मोठी वाहिनी असते ती मधोमध फाटून महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी अशा दोन होतात. या शेवटच्या कामासाठी मानेकडच्या भागातून खास पेशी प्रवास करून हृदयापर्यंत येतात, त्या नीट पोचल्या नाहीत किंवा मधली भिंत पिळ्यासारखी फिरली नाही की जन्मजात दोष राहतात. आठवा आठवडा संपेपर्यंत चार कप्प्यांचं हृदय तयार असतं, पुढचे सात महिने ते फक्त वाढतं.

२. सोनोग्राफीत सहा आठवडे लिहिलंय पण माझ्या हिशोबाने चारच होतात. कोण चुकलं?

कोणीच नाही. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि भ्रूणशास्त्राची पुस्तकं गर्भधारणेपासून, दोघांत दोन आठवड्यांचा फरक पडतो. वर प्रश्न १ मधले दिवस गर्भधारणेपासूनचे आहेत. म्हणजे २२ वा दिवस हा तुमच्या रिपोर्टवर पाच आठवड्यांच्या थोडा पुढे येतो, पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो. कितीतरी जणींनी तोपर्यंत टेस्टसुद्धा केलेली नसते, ही गोष्ट प्रश्न १२ ला परत येईल.

३. आयुर्वेदात हृदयाबद्दल महिन्यानुसार काय सांगितलंय?

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, म्हणजे शरीराबद्दलच्या भागात, तिसरा अध्याय बघा. पहिल्या महिन्यात कलल म्हणजे बुळबुळीत द्रवासारखं रूप, दुसऱ्यात तो घट्ट होतो, तिसऱ्यात दोन हात, दोन पाय, डोकं असे पाच पिंड दिसतात आणि बाकीचे अवयव सूक्ष्म असतात. मग चौथ्याबद्दल वाक्य आहे, 'गर्भहृदयप्रव्यक्तिभावाच्चेतनाधातुरभिव्यक्तो भवति', गर्भाचं हृदय प्रव्यक्त म्हणजे स्पष्ट झाल्यामुळे चेतना व्यक्त होते. पाचव्यात मन जास्त जागं होतं, सहाव्यात बुद्धी.

चरकाची मांडणी थोडी वेगळी आहे. तिसऱ्या महिन्यात सगळी इंद्रियं आणि अवयव एकदम होतात, तेव्हापासून गर्भ स्पंदन पावतो आणि इच्छा करतो, असं ते सांगतात, चौथ्यात गर्भाला स्थिरपणा येतो. सुश्रुत चौथा म्हणतात ती द्विहृदय (दोन हृदयांची, प्रश्न ७ बघा) अवस्था चरक तिसऱ्यात सांगतात. दोन संहितांत फरक आहे तर आहे, तो लपवायची गरज नाही.

हृदय कशापासून बनतं यावर सुश्रुतांचं उत्तर रक्त आणि कफ यांच्या प्रसादापासून, म्हणजे त्यांच्या शुद्ध सार भागापासून, आणि त्याचा आकार खाली तोंड केलेल्या कमळाच्या कळीसारखा.

४. सायन्स म्हणतं तिसरा आठवडा, सुश्रुत म्हणतात चौथा महिना. मग सुश्रुत चूक ना?

हा प्रश्न मेडिकलला असलेली भाची-पुतणी हमखास विचारते आणि छान प्रश्न आहे.

सुश्रुतांचा शब्द आहे प्रव्यक्ती. ठोका कधी सुरू झाला हे ते सांगतच नाहीत, सांगणार तरी कसे, २२ व्या दिवशी तो गर्भ दोन-तीन मिलिमीटरचा असतो. पडलेल्या गर्भांवरून, बाईच्या बदलणाऱ्या शरीरावरून आणि इच्छांवरून जे उघड दिसतं त्यावर ही मांडणी उभी आहे असं मला वाटतं. चौथ्या महिन्यात गर्भ पंधरा सेंटीमीटरच्या आसपास जातो, डोळ्यांना अवयव वेगळे ओळखू येतात. आणि त्यांना सांगायचंय चेतनेबद्दल, पंपाबद्दल नाही.

म्हणून दोन्ही बाजूंची ओढाताण मला पटत नाही. 'आयुर्वेद कालबाह्य आहे' म्हणणाऱ्यांनी ते वाक्य पूर्ण वाचलेलं नसतं, आणि 'ऋषींनी चार कप्पे पाच हजार वर्षांपूर्वीच पाहिले होते' म्हणणाऱ्यांनी तर संहिताच उघडलेली नसते. कमळाच्या उपमेपुढचीच ओळ आहे की जागेपणी ते उमलतं आणि झोपेत मिटतं, हा ठोक्याचा आकुंचन-प्रसरणाचा हिशोब नव्हे, ते चेतनेचं वर्णन आहे, त्याच्यावर कार्डिओलॉजी चढवली की श्लोकाचंही नुकसान आणि पेशंटचंही.

५. सर्वात आधी काय बनतं, डोकं की हृदय?

यावर संहितांमध्येच मस्त वाद आहे, आणि मला हा भाग शिकवायला सगळ्यात आवडतो कारण प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवलंय. सुश्रुतात शौनक म्हणतात आधी डोकं, कृतवीर्य म्हणतात हृदय, कारण ते बुद्धी आणि मनाचं स्थान, पाराशर्य म्हणतात नाभी, मार्कंडेय म्हणतात हात-पाय, सुभूती गौतम म्हणतात धड. चरकात अशीच सभा आहे, तिथे हृदयाची बाजू कांकायन घेतात, आणि मारीचि कश्यप सरळ सांगतात की हे प्रत्यक्ष दिसत नाही म्हणून यावर विचार होऊ शकत नाही.

शेवटी धन्वंतरीचं मत मान्य होतं: सगळं एकाच वेळी सुरू होतं पण सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाही. दाखला दिलाय वेळूच्या कोंबाचा आणि आंब्याचा. मे महिन्यात पिकलेला मानकुराद कापला की गर, धागे, बाठा, बाठ्याच्या आतली बी सगळं वेगळं दिसतं, तोच आंबा फेब्रुवारीत बोटाएवढा असताना कापला तर हे सगळं आत असूनही वेगळं काढता येत नाही.

आजचं उत्तर असं की काम करायला लागणारा पहिला अवयव हृदय, पण मेंदू-मज्जारज्जूची पन्हळ त्याच तिसऱ्या आठवड्यात तयार होत असते, म्हणजे 'आधी काय' याला एका शब्दात उत्तर नाहीच.

६. हृदय आईकडून येतं म्हणतात. मग बाळाला हृदयाचा दोष असला तर दोष आईचा का?

नाही. हे ठळक अक्षरात लिहून घरातल्या भिंतीवर लावा हवं तर.

चरकांनी हृदय, यकृत, प्लीहा, वृक्क, मांस, रक्त असे मऊ भाव मातृज सांगितलेत आणि केस, नखं, दात, हाडं, शिरा असे पितृज. ही वर्गवारी आहे, आरोपपत्र नव्हे. जनुकं दोघांचीही असतात आणि जन्मजात हृदयदोषांच्या बऱ्याचशा केसेसमध्ये एक असं कारण सापडतच नाही. दर हजार जिवंत जन्मांत साधारण ८ ते १० बाळांना कसला ना कसला हृदयदोष असतो, म्हणजे हे तुमच्या एकटीच्या घरात घडलेलं नाही. सुनेला बोल लावायला चरकांचा आधार घेतलेला ऐकलाय मी, फार वाईट वाटतं.

७. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाच्या हृदयावर परिणाम होतो का?

गर्भाचं एक आणि आईचं एक अशी दोन हृदयं म्हणून ती बाई दौहृदिनी, आपले डोहाळे तिथलेच. चरक म्हणतात की गर्भाचं हृदय आईच्या हृदयाशी रसवाहिन्यांनी जोडलेलं असतं म्हणून तिच्या इच्छेचा अवमान करू नये. सुश्रुतांनी इच्छा डावलल्याने होणाऱ्या व्यंगांची यादीच दिलीय, कुबडा, लंगडा, बुटका वगैरे. ती यादी आज तशीच्या तशी खरी मानायला आधार नाही, रात्री अकराला कुणाला शेवयांची खीर मिळाली नाही म्हणून बाळाच्या हृदयाला भोक पडत नाही. कधी न मिळालेल्या खिरीबद्दल अपराधी वाटून रडणाऱ्या मुली येतात, त्यांना हेच सांगते.

पण त्या वचनातला गाभा मला पूर्ण पटतो, की पोटुशी बाईचं मन मोडू नका. फुलां माळप (गोव्यातला डोहाळजेवणासारखा समारंभ) थाटात करायचं आणि उरलेले दिवस तिने काय खावं, कुठे जावं हे बाकीच्यांनी ठरवायचं, हे द्विहृदयेला मान देणं नाही. डोहाळे मात्र खडू, माती, कच्चे तांदूळ अशांचे असतील तर हिमोग्लोबिन तपासा, बहुतेक वेळा लोह कमी निघतं.

८. आईचं रक्त बाळाच्या हृदयातून फिरतं का?

नाही, दोन्ही रक्तं वारेत (प्लासेंटात) अगदी जवळून जातात पण मिसळत नाहीत, मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि पोषण पलीकडे जातं. सुश्रुत सांगतात की आईच्या रसवह नाडीला गर्भाची नाभिनाडी जोडलेली असते आणि तिच्यातून आहाररसाचं वीर्य पोचतं, आणि अवयव स्पष्ट होण्याच्या आधी उपस्नेहाने म्हणजे पाझरून पोषण होतं. इथे मात्र मी थांबून दाद देते, कारण पहिल्या दहा-एक आठवड्यांत आईचं रक्त वारेत पूर्ण वाहत नसतं आणि गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावरच गर्भ पोसला जातो, हे आपल्याला अलीकडे नीट कळलंय.

वारेकडून आलेलं चांगलं रक्त एका नाभिशिरेतून येतं, बरंचसं यकृताला वळसा घालून उजव्या वरच्या कप्प्यात, तिथून एका झडपेच्या छिद्रातून सरळ डाव्या बाजूला आणि मग मेंदूकडे. फुप्फुसं अजून बंद, म्हणून तिकडे निघालेलं रक्तही एका जोडवाहिनीने महाधमनीत वळवलेलं असतं. वापरलेलं रक्त दोन नाभिधमन्यांनी परत वारेत.

९. गर्भात हृदयाला भोक असतंच म्हणे, मग रिपोर्टमध्ये भोक आलं तर काळजी कशाला?

कारण भोकं दोन जातींची. प्रश्न ८ मधलं वरच्या कप्प्यांतलं छिद्र सगळ्या बाळांना असतं, असायलाच हवं, आणि जन्मल्यावर पहिल्या श्वासांनंतर दाब बदलला की ते झाकलं जातं. साधारण चारातल्या एका मोठ्या माणसात ते पूर्ण चिकटलेलं नसतं आणि त्याला पत्ताही नसतो. रिपोर्टमध्ये व्हीएसडी लिहिलं असेल तर ते खालच्या दोन कप्प्यांच्या भिंतीतलं भोक, ते नॉर्मल नाही. पण त्यातली बरीच लहान भोकं, खास करून स्नायूच्या भागातली, आपोआप बुजतात. कुठलं आहे, केवढं आहे, सोबत आणखी काही आहे का, हे फीटल इको (गर्भातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) करणाऱ्याला विचारा.

१०. सहा आठवड्यांच्या स्कॅनमध्ये ठोका दिसला नाही. सगळं संपलं का?

लगेच असं धरू नका. पाळी उशिरा येणाऱ्यांची गर्भधारणाही उशिरा झालेली असते, सहा म्हणजे खरे पाचच असू शकतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त असून ठोका नसेल तरच निदान पक्कं मानतात, त्याहून कमी असेल तर सात ते दहा दिवसांनी परत बघतात. तोपर्यंत गोळ्या घेऊन 'साफ' करायला होकार देऊ नका. रक्तस्राव किंवा एका बाजूला जोराचं दुखणं असेल तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल.

११. ठोके १७० आलेत, मुलगी आहे का?

ठोक्यांवरून मुलगा-मुलगी कळत नाही. सहाव्या आठवड्यात ठोके ११० च्या आसपास असतात, नवव्या-दहाव्यात १७० च्या घरात जातात, मग उतरून ११० ते १६० मध्ये स्थिरावतात, मुलगा असो वा मुलगी. आणि लिंग सांगणं-विचारणं दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, मला विचारू नका.

ठोके सतत ११० च्या खाली, खास करून ५०-७० असतील तर तो वेगळा विषय. आईच्या रक्तात अँटी-रो नावाच्या प्रतिपिंडी (अँटीबॉडी) असतील तर त्या वार ओलांडून बाळाच्या हृदयातली विजेची वाट बिघडवतात, बहुतेक १८ ते २४ आठवड्यांच्या काळात. आईला ल्युपससारखा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा आजार असतो, पण कधीकधी तिला स्वतःला कसलाच त्रास नसतो आणि बाळाच्या ठोक्यांवरूनच तिचं निदान होतं.

१२. हृदय चांगलं व्हावं म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून काय सुरू करू?

प्रश्न १ आणि २ एकत्र वाचा, तिसऱ्या महिन्यात पोचेपर्यंत हृदयाची बांधणी झालेली असते. म्हणून जे करायचं ते दिवस जाण्याच्या आधी, हे मी ओरडून सांगावं इतकं महत्त्वाचं मानते. सुश्रुतांनी ऋतू (योग्य काळ), क्षेत्र (गर्भाशय), अंबू (पोषक रस), बीज अशी चार गोष्टींची तयारी गर्भाच्या आधी सांगितली ती उगीच नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा: शुगर असेल तर ती आधी ताब्यात आणा, गरोदर होण्याआधीपासून असलेल्या मधुमेहात बाळाच्या हृदयदोषाची शक्यता तीन ते पाच पटींनी वाढते (आठव्या महिन्यात पहिल्यांदा लागलेल्या शुगरचं तसं नाही, तेव्हा बांधणी कधीच संपलेली असते, पण हृदयाची भिंत जाड होऊ शकते). फिट्सच्या गोळ्यांत व्हॅलप्रोएट, मनाच्या आजारात लिथियम, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर दिवस राहण्याआधी डॉक्टरशी बोला, फिट्सची गोळी मनानेच बंद मात्र करू नका, ते जास्त धोक्याचं. रुबेलाची लस घेतली नसेल तर घ्या आणि मग निदान एक महिना थांबा. दारू पूर्ण बंद, काजूची फेणी घरची असली तरी दारूच. फॉलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोग्रॅम किमान महिनाभर आधीपासून, ते मुख्यतः मज्जारज्जूसाठी आहे पण घ्यायचंच.

१३. मग महिन्यानुसार दूध-लोणी वगैरे सांगतात ते व्यर्थ का?

व्यर्थ नाही, काम वेगळं. चरक चौथ्या महिन्यात दुधातलं लोणी एक अक्ष, म्हणजे तोळाभर, सांगतात, सुश्रुत दूध-लोण्यासोबत जांगल (कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचं) मांस आणि मनाला आवडेल असं अन्न. हे वाढीसाठी आणि आईच्या बळासाठी आहे, भिंतीतलं भोक बुजवायला नव्हे. शुगर किंवा वजन जास्त असेल तर प्रमाण बदलावं लागतं. अर्जुनाची साल हृदयाला चांगली म्हणून गरोदरपणी स्वतःहून काढे सुरू करू नका, आणि पारा-शिसं असलेली रसौषधं तर नाहीच नाही.

गोव्यात लगेच पुढचा प्रश्न येतो, नुस्तें (मासे) बंद करू का? नको. बांगडे, तारले, वेर्ल्यो खा, छान प्रथिनं आणि चांगली चरबी आहे, मोरी (शार्क) आणि मोठ्या इसवणात पारा जास्त साठतो ते टाळा. फक्त चरकांनी मासे आणि दूध एकत्र विरुद्ध सांगितलंय, तेव्हा जेवणात हुमण (माशाची आमटी) असेल तर दूध रात्री झोपताना. सोलकढीत नारळाचा रस असतो, तिला हा नियम लागू नाही.

१४. हृदय बघायला नक्की कुठला स्कॅन, आणि फीटल इको सगळ्यांना लागतो का?

११ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये मानेमागचं पाणी बघतात, ते जास्त असेल तर हृदयही नीट तपासावं लागतं. १८ ते २२ आठवड्यांत अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात व्यंग आहे का ते बघणारा, तो प्रत्येकीने करायचा, त्यात चार कप्पे आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही वाहिन्या दिसतात. फीटल इको साधारण १८ ते २४ मध्ये, आणि तो सगळ्यांना नाही: आधीची शुगर, अँटी-रो, प्रश्न १२ मधली औषधं, आयव्हीएफ, वारेत वाटा असलेली जुळी, स्कॅनमध्ये शंका, किंवा पहिल्या बाळाला, आई किंवा वडिलांना हृदयदोष असेल तर. पहिल्या बाळाला दोष होता म्हणजे दुसऱ्याला होणारच असं नाही, शक्यता साधारण २ ते ३ टक्के.

'वैद्यांनी नाडी चांगली सांगितली म्हणून अ‍ॅनोमली स्कॅन केला नाही' असं कृपा करून कुणी म्हणू नका. नाडीवरून बाळाच्या महाधमनीची दिशा कळत नाही, मलाही नाही.

१५. हृदयात पांढरा ठिपका लिहिलाय, रडून रडून डोळे सुजलेत.

डोळे पुसा. झडपेला धरणाऱ्या स्नायूत थोडं कॅल्शियम साठलं की तो चमकतो, तो हृदयदोष नाही आणि हृदयाच्या कामावर त्याचा परिणाम होत नाही. बाकी स्कॅन आणि डाऊन सिंड्रोमची रक्ततपासणी ठीक असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. तपासणी केलीच नसेल तर डॉक्टरला त्याबद्दल विचारा.

१६. आठव्या महिन्यात पाठ दुखते, घरात पेनकिलर आहे, घेऊ का?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या नको. प्रश्न ८ मधली जोडवाहिनी गर्भात उघडी राहायलाच हवी आणि या गोळ्या तिला वेळेआधी आकसवतात. २० आठवड्यांनंतर डॉक्टरने सांगितल्याशिवाय घेऊच नका, चोळायच्या जेलबद्दलही विचारा. गंमत म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळात हीच वाहिनी बंद होत नसली तर त्याच जातीचं औषध डॉक्टर मुद्दाम देतात.

१७. सगळे स्कॅन नॉर्मल होते, आता बाळ जन्मल्यावर काही बघायचं का?

हो. काही दोष, उदाहरणार्थ महाधमनी एका जागी अरुंद असणं, गर्भात लपून राहतात कारण जोडवाहिनी उघडी असते, ती दोन-तीन दिवसांत बंद झाली की त्रास सुरू होतो, नेमकी तेव्हा बाळ-बाळंतीण माहेरी पोचलेली असते. म्हणून डिस्चार्जच्या आधी, २४ तासांनंतर, बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला का ते विचारा. ९५ किंवा जास्त यायला हवा आणि दोन्हींत फार फरक नको.

घरी आल्यावर बघायचं ते दूध पिताना. दोन घोट घेऊन दमतंय, कपाळाला घाम येतोय, श्वास भराभर चाललाय, ओठ-जीभ निळसर दिसतेय, पाय गार पडलेत, यातलं काहीही दिसलं तर गुटी उगाळत, दृष्ट काढत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), रात्र असली तरी. नुसते हातापायाचे तळवे पहिल्या दिवसात निळसर असणं चालतं, जीभ निळी असणं चालत नाही.